डोलकाठीखालचं नाणं

मी एक जुनं काशाचं नाणं आहे. मित्रांनो, माझ्यावर वेरिकसचा चेहरा आहे. तो होता आरमाराचा सेनापती. पण रोमच्या बादशहाला न विचारता इथे ब्रिटनमध्ये स्वतःच बादशहा होऊन बसला. शिपायांना पगार द्यायला त्याने घाईघाईने आम्हाला पाडलं. ठसे कोरणाऱ्याने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे हे रुबाबदार नाक त्याचं नव्हेच. स्वारी मात्र खूश झाली होती.

हातोहात फिरत मी लोंडिनियमच्या, म्हणजे आजच्या लंडनच्या, धक्क्यावर कुनोमारकडे आलो. तो नावा बांधणारा सुतार. डोलकाठी उभी करताना तिच्या बुंध्याखालच्या खाचेत एक नाणं ठेवायचं, म्हणजे नाव बुडत नाही, ही तिथली रीत. मी नवाकोरा, म्हणून त्याने मलाच ठेवलं.

दोन वर्षांत रोमची फौज आली आणि वेरिकस मारला गेला. ज्याच्याकडे त्याचं नाणं सापडेल त्याची मान उडेल, अशी दवंडी पिटली गेली. लोकांनी माझी भावंडं नदीत फेकली. कुनोमार मला पार विसरला होता.

मग वादळात आमची डोलकाठी मोडली. नाव सरकारी धान्याची, त्यामुळे दुरुस्तीला फ्लोरस नावाचा अंमलदार समोर उभा. बुंधा उपसताना कुनोमारला मी आठवलो आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तोवर फ्लोरसने मला उचललंही होतं.

 तिथेच उभी असलेली कुनोमारची बायको सेनिला पुढे झाली.

"साहेब, ठेवलं तेव्हा राज्य त्याचंच होतं हो. राजे काय आम्ही निवडतो?"

फ्लोरस मला बराच वेळ उलटंपालटं करत राहिला. मी तर भीतीने गारठलो होतो.

"ठेवलेलं नाणं काढलं तर काय होतं रे?" त्याने कुनोमारला विचारलं.

"नाव बुडते म्हणतात, साहेब."

"उद्या हिच्यातूनच मला जायचंय," फ्लोरस म्हणाला. त्याने मला खाचेत परत ठेवलं, चेहरा खाली करून. "मी काही पाहिलं नाही. काठी उभी कर."

कुनोमार रडता रडता हसू लागला. मलाही किती हायसं वाटलं!

पुढे नाव जुनी होऊन नदीच्या गाळात रुतली. आता मी संग्रहालयात आहे. मित्रांनो, जुनं नाणं सापडलं तर त्याला घासू नका. हिरवा थर निघाला की चेहराही जातो. माझा अजून शाबूत आहे. रोज शेकडो माणसं तो उघड उघड बघतात आणि आपापल्या घरी सुखरूप जातात.