गावाच्या मालकीचा गुडघा

ब्रिन्यार सोल्हाउगचा डावा गुडघा कधी त्याचा स्वतःचा नव्हताच. सतराव्या वर्षी तो त्रॉनहाइमच्या फुटबॉल क्लबचा झाला. मग डेन्मार्क, मग जर्मनीतला खालचा विभाग, मग बेल्जियम, मग तुर्कस्तान. प्रत्येकाने तो सुजेपर्यंत वापरला आणि पुढच्याच्या गळ्यात मारला. शेवटी तो आमच्याकडे, हेस्टव्हिका गावाला परत आला. आम्ही तर त्याची स्वतःची माणसं. आम्ही काय वेगळं केलं ते सांगते. ऐकायला बरं वाटणार नाही, पण गावात दुसरं कोणी सांगणारही नाही.

मी राग्ना. मासळीच्या कारखान्यात कॉड कापते आणि क्लबचे कपडे धुते. कपडे धुण्याचे पैसे मिळत नाहीत, मागायचेही नसतात. त्याला आमच्याकडे दुग्नाद म्हणतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं श्रमदान. क्लबची इमारत श्रमदानातून उभी राहिली, तिला रंग श्रमदानातून लागतो, सामन्याच्या दिवशी वाफल, म्हणजे जाळीदार गोड धिरडी, श्रमदानातूनच भाजली जातात. कोणी कोणाला आग्रह करत नाही आणि कोणी नाही म्हणत नाही. बैठकीत कॉफी फिरते, कामं वाटली जातात, आणि जो गप्प बसला तो हो म्हणाला असं धरतात. जो येत नाही त्यालाही कोणी काही बोलत नाही. फक्त पुढची दहा वर्षं दुकानात त्याच्याशी हवामानापलीकडे कोणी बोलत नाही.

ब्रिन्यारची आई कारखान्यात माझ्याच शेजारी उभी राहायची, त्यामुळे हा पोरगा मला नाक वाहत होतं तेव्हापासून माहीत. तो चपळ नव्हता. पायात जादू वगैरे काही नव्हती. पण बॉल जिथे पडणार तिथे तो आधीच उभा असायचा, बसची वाट बघत थांबल्यासारखा. लोक म्हणायचे, नशीबवान आहे. नशीब म्हणे. नशीब काय वर्षानुवर्षं एकाच माणसाच्या पायाशी येऊन पडतं? तो बचाव करणाऱ्याचे खांदे बघायचा, वारा बघायचा, आणि दोन पावलं मागे सरकायचा. ती दोन पावलं कोणाला दिसत नाहीत. दिसतो तो गोल, आणि त्याहून जास्त दिसतो तो हुकलेला गोल.

देशाचा शर्ट त्याने एकदाच घातला, ऑस्लोमधल्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात, शेवटची काही मिनिटं. त्या शुक्रवारी आमच्या धक्क्यावर त्याच्या नावाचं कापड फडकत होतं. सामन्यात त्याचा फटका गोलच्या खांबाला लागला. सोमवारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकजण म्हणाला की खांबाला लागलं की गोल मानायचा असा नियम करा, मग आपला ब्रिन्यार जगज्जेता. सगळी टेबलं हसली. त्याची आई पावावरचं तपकिरी चीज सरळ करत राहिली आणि शेवटचा घास संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. धक्क्यावरचं कापड त्याच संध्याकाळी उतरलं.

परदेशात तर ठरलेलंच. प्रत्येक क्लबात एक जाकीटवाला खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, फक्त हा एक सामना. मग गुडघ्यात वेदना मारायची सुई. ब्रिन्यार म्हणायचा, ठीक आहे. सुई उतरली की पाय भोपळ्यासारखा व्हायचा, आणि करार संपला की त्या जाकीटवाल्याला याचं नावही आठवायचं नाही.

तो परत आला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. आमचा संघ त्याने एका हंगामात वरच्या विभागात नेला. मग या सप्टेंबरात मैदानातून चालत बाहेर येताना तो मध्येच थांबला, आणि मला कळलं. त्रॉम्सोच्या डॉक्टरने सरळ सांगितलं. गुडघ्यातली गादी संपलीय, हाडावर हाड घासतंय. आता थांबलास तर चालशील, डोंगर चढशील, चारचौघांसारखा म्हातारा होशील. सुई घेऊन आणखी एक सामना खेळलास तर ती हमी मी देणार नाही. हे ब्रिन्यारने मला सांगितलं, प्रशिक्षकाला सांगितलं, आणि क्लबचा अध्यक्ष ऑडवार याला त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन सांगितलं. म्हणजे आम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय कोणालाच नाही.

नोव्हेंबरात शेवटचा सामना आला. जिंकलो तर वर राहणार, नाहीतर खाली. त्या आठवड्यात बैठक झाली. ऑडवार वाईट माणूस नाही, हे आधीच लिहून ठेवते. त्याने स्वतःच्या खर्चाने मैदानाचे दिवे दुरुस्त केलेत. चांगल्या माणसांची अडचण हीच असते, त्यांना वाटतं आपण मागतोय ते गावासाठी, मग त्यात चूक काय. त्याने कामं वाटली. बर्फ कोण काढणार, तिकिटांवर कोण बसणार. मग तो म्हणाला, "ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो ट्रॅक्टर देतो. जिच्याकडे वाफलचा तवा आहे ती तवा देते. आणि ब्रिन्यारकडे गुडघा आहे."

लोक हसले. ब्रिन्यारही हसला. गावचा डॉक्टर कोपऱ्यात बसला होता. सुईचं मी बघतो, असं तो आपल्या कॉफीच्या कपाला म्हणाला. ऑडवार क्षणभर थांबला, कोणी बोललं नाही, आणि तो गाड्या कुठे लावायच्या त्या विषयाकडे वळला. झालं. एका माणसाचा पाय गाड्यांच्या आधी निकालात निघाला.

मी विचारलं, त्याला कोणी विचारलंय का? ऑडवार म्हणाला की तो इथेच बसलाय, त्याला तोंड आहे. तोंड होतं, खरं आहे. पण ते कशासाठी असतं हे या गावाने कोणत्या पोराला शिकवलंय?

दुसऱ्या दिवशी कारखान्यातली माझी पाळी संपल्यावर ब्रिन्यार माझ्या तळघरात आला. मशीन चालू होतं. तो मासळीच्या उलट्या क्रेटवर बसला, डावा पाय समोर काठीसारखा सरळ ठेवून.

"राग्ना, नाही कसं म्हणतात गं?"

"तोंड उघडायचं आणि म्हणायचं. दोनच अक्षरं आहेत, गाढवा."

तो हसला. आमच्या उत्तरेत शिवी दिल्याशिवाय माया कळत नाही. मग तो मशीनमधले फिरणारे शर्ट बघायला लागला. म्हणाला की ज्या लोकांची भाषाही येत नव्हती त्यांना तो कधी नाही म्हणाला नाही. आणि इथे तर बैठकीतल्या निम्म्या माणसांनी त्याच्या आईची शवपेटी खांद्यावर घेतलीय.

"ती त्यांनी तिच्यासाठी घेतली," मी म्हटलं. "त्याचं भाडं तुझ्या पायातून वळतं करायचं नसतं."

"तेवढंच असतं तर सोपं होतं." त्याने गुडघ्यावर तळहात दाबून धरला. "मला खेळायचंय, राग्ना. डोळे मिटले की उजव्या कडेवरून गोलसमोर उंच बॉल येतो, क्रॉस. रोज येतो. आणि इल्वा चार वर्षांची आहे. तिच्यामागे धावायला मला अजून बरीच वर्षं पाय लागणार आहे."

इल्वा त्याची मुलगी. तिला त्याने आजवर फोनच्या पडद्यावरच जास्त पाहिलं होतं. मी त्याला काय कर ते सांगितलं नाही. आयुष्यभर सगळ्यांनी त्याला तेच सांगितलं होतं. एवढंच म्हटलं की जे करशील ते तोंडाने कर, गप्प बसून करू नकोस.

सामन्याच्या आदल्या रात्री बर्फ पडला. सकाळी मैदान कुठे संपतं आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळेना. उजेड यायच्या आधीच गाव फावडी घेऊन हजर. शाळेची मास्तरीण, बोटीवरची माणसं, पाद्रीसुद्धा. आणि ब्रिन्यार. तो कोणाशी न बोलता ऑडवारच्या ट्रॅक्टरवर चढला, पुढचं पातं खाली टाकलं आणि बर्फ ढकलायला लागला. लोकांना भरून आलं. बघा, एवढा फिरून आलेला खेळाडू, पण गाढवमेहनत करायला लाजत नाही. त्याने कडेच्या रेषा उघड्या केल्या. गोलसमोरची जागा शेवटी साफ केली आणि सगळ्यात सावकाश. तिथे त्याने दोन-तीनदा ट्रॅक्टर फिरवला, गरज नसताना.

नोव्हेंबरात आमच्याकडे दुपारीच अंधार पडायला लागतो, तसा तो पडला, दिवे लागले. संघ कपडे बदलायला आत गेला. डॉक्टर आपली बॅग घेऊन दाराशी उभा. मी शर्टांची टोपली घेऊन आले होते, ब्रिन्यारचा नऊ नंबर सगळ्यात वर. ब्रिन्यार मात्र इंजिन बंद करून ट्रॅक्टरवर बसून होता. ऑडवार त्याच्याकडे गेला, मी मागोमाग.

"चल, आटप. डॉक्टर थांबलाय."

"माझं झालं, ऑडवार."

"काय झालं?"

"माझ्या वाटणीचं काम. बर्फ काढला."

ऑडवारला वाटलं हा चेष्टा करतोय. तो हसला आणि हात पुढे केला, उतरायला आधार म्हणून. ब्रिन्यारने तो हात धरला नाही.

"मी खेळणार नाही. नाही म्हणतोय मी. पहिल्यांदाच म्हणतोय, त्यामुळे नीट जमत नसेल."

आजूबाजूची फावडी थांबली. ऑडवार खालच्या आवाजात म्हणाला की त्या दिवशी बैठकीत तू गप्प होतास, आणि गप्प म्हणजे हो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. सगळं गाव त्यावर विसंबून आहे. मी आता त्यांना काय सांगू?

"सांग की ब्रिन्यार नाही म्हणाला. तो गप्प होता, असं मात्र पुन्हा कोणाला सांगू नकोस."

मागून यालमार नावाचा एक रिकामटेकडा म्हणाला की तुर्कांसाठी याचा गुडघा चालत होता, आपल्यासाठीच नेमका दुखायला लागला. ब्रिन्यारचा चेहरा बर्फासारखा पांढरा पडला. मी टोपली खाली ठेवली आणि यालमारला विचारलं की देवाने तुला दोन धडधाकट गुडघे दिलेत, ते आजवर सोफ्यावरून फ्रिजपर्यंत नेण्यापलीकडे तू त्यांचं काय केलंस? काहीजण हसले. पण हसण्याने काही मिटलं नाही. लोक ब्रिन्यारपासून एकेक पाऊल मागे सरले, कोणी न सांगता, सगळे एकदम. श्रमदानात आमची एकजूट फार चांगली.

ऑडवारने टोपलीतून नऊ नंबरचा शर्ट उचलला आणि आत गेला. तो राखीव खेळाडूला, सिवर्टला मिळाला. सिवर्ट बांधकामावर सुतार आहे. चांगला मुलगा आहे, मरेस्तोवर पळतो.

ब्रिन्यार घरी गेला नाही. मला वाटलं होतं जाईल. तो माझ्या शेजारी लाकडी स्टँडवर येऊन बसला. आमच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या, बाकी स्टँड खच्चून भरलेलं असताना.

सामना एक-एक असा अडकला. आमच्या पोरांनी जीव तोडला, खोटं कशाला सांगू. अगदी शेवटी उजवीकडून क्रॉस आला. उंच, जरासा वाऱ्याने मागे ओढलेला. समोरचे बचाव करणारे सगळे पुढे धावले, सिवर्टही त्यांच्याबरोबर पुढे धावला. बॉल त्या सगळ्यांच्या मागे पडला, दूरच्या खांबापाशी, जिथे सकाळी ट्रॅक्टर दोन-तीनदा फिरला होता. तिथे कोणीही नव्हतं. बॉल एकदा उसळला आणि रेषेबाहेर गेला.

माझ्या शेजारी लाकूड वाजलं. ब्रिन्यारचा डावा पाय आपोआप पुढे गेला होता आणि समोरच्या फळीवर आदळला होता. वेदनेने त्याचे डोळे पाणावले. निदान मी तरी ते वेदनेचं पाणी मानलं.

शिट्टी झाली. आम्ही खालच्या विभागात गेलो. लोक उठले, आमच्या रांगेपाशी येऊन वळले आणि पलीकडच्या पायऱ्यांनी उतरले. पाद्रीसुद्धा. मी त्यांच्यावर रागावलेय, अजून आहे. पण सगळ्यांवर सारखी नाही, कारण सिवर्टची आई जाताना थांबली, ब्रिन्यारकडे बघून तिने मान हलवली आणि मग गेली. ती कशासाठी हलवली ते तिचं तिला ठाऊक.

स्टँड रिकामं झाल्यावर तो म्हणाला, "तो बॉल माझा होता."

"हो."

"मी दोन पावलं मागे सरकलो असतो."

"सरकला असतास. गोलही झाला असता. आपण वर राहिलो असतो, आणि सोमवारी त्यांनी तुला पुन्हा धक्क्यावर टांगला असता."

"एखादं खोटं तरी बोलायचंस, राग्ना. बरं वाटलं असतं."

"खोटं बोलणारे तुला प्रत्येक देशात भेटले."

मैदानावरचे दिवे विझायला लागले, एकेक. तो अंधाराकडे बघत बसला आणि त्याचे ओठ हलत होते. आधी वाटलं काही पुटपुटतोय. मग कळलं, माणूस रडतोय, आणि या खेपेला गुडघ्यासाठी नाही. गावाचं एवढं मोठं काम त्याने आज नाकारलं होतं, आणि ते नाकारल्याचं दुःख त्याचं एकट्याचं होतं. त्यात वाटा उचलायला कोणी फावडं घेऊन आलं नाही.

मी त्याच्याजवळ सरकून बसले. थंडी मरणाची होती. मी धुवायचे ते घामाने भिजलेले शर्ट आत गारठून लाकडासारखे कडक होत असणार. होऊ देत म्हटलं.