सत्यभामाचा सवाल

कापूस वेचता वेचता सत्यभामा एकदम ताठ झाली. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, शहरातली एक पोरगी उभी होती, हातात रेकॉर्डर.

"आली आनखी एक," शेजारच्या ओळीत वेचणाऱ्या मला ती म्हणाली. "नंदे, हाकल तिले."

तिचा नवरा घनश्याम याच वावरात फवारणी करता करता पडला होता. विष अंगात भिनलं, भर दुपारी डोळे गेले. "सत्ये, दिवा लाव, अंधार पडला," म्हणत गेला. मग बोरी अरबच्या रस्त्यानं किती अभ्यास करणारे आले! सगळ्यांना तेच ऐकायचं असे. सत्यभामा सांगायची, ते निघून जायचे, अन् मग आठ-आठ दिवस तिला तो आवाज ऐकू यायचा. लख्ख उन्हात दिवा लावून बसलेलं मी तिला पाहिलं आहे.

पोरीचं नाव दिपाली. हळूच म्हणाली, "काकू, त्या दिवशी नेमकं काय झालं?"

"पुन्हा मारू काय त्यायले? तुमी आयकून जाता, अन् ते माह्या घरात रोज मरून राह्यले. काय सापडलं, हे सांगाले कोनी माघारी आलं काय?"

पोरीनं रेकॉर्डर पिशवीत टाकला. "मग तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?"

असं कोणी विचारलंच नव्हतं. सत्यभामानं सुनेकडे पाहिलं. पायलला सातवा महिना होता.

"हे पोरगी या वावरातल्या विहिरीचं पानी पिते. त्यात इख उतरलं काय, तेवढं पाहून दे."

दिपालीनं बाटलीत पाणी भरून नेलं. आम्ही म्हटलं, गेली ही पण. पण तुरीला शेंगा धरल्या तशी ती परत आली. पारावर बाया जमवून तिनं सांगितलं, पाण्यात फवारणीचं औषध आहे, पिऊ नका.

"त्यायलेबी मी हेच पाजलं," सत्यभामा म्हणाली. "पानी दे, पानी दे करत. घोट घोट पाजलं."

दिपाली रडकुंडीला आली. "काकू, मी सांगायला नको होतं का?"

"नाही वो माय. सांगतलं तेच बरं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "उद्या पंचायतीत चाल आमच्यासंगं. तू पान्याचं सांग, भांडनाचं आमी पाहू."

बाभळीच्या काट्या ओढून आम्ही विहिरीचं तोंड बंद केलं. हापशी अर्ध्या कोसावर. पायलनं हंडा उचलला, तो सत्यभामानं हिसकून घेतला अन् ती उन्हात चालू लागली.

दिपालीनं काही न विचारता दुसरा उचलला.