किल्ल्यातल्या विहिरीचा श्वास

बुरुजापासून थेट मासळीच्या जेटीपर्यंत रांग लागली होती. पेडण्याच्या खाडीतल्या आमच्या खारजुवें बेटावर एवढी माणसं जत्रेलाही येत नाहीत. पडक्या किल्ल्यातल्या विहिरीवर उदकानंद महाराज रोज स्वतः सांगितलेल्या मुहूर्तावर हात उंचावून म्हणायचे, “माते, श्वास घे.” आणि खरंच, पाणी वर चढायचं.

“भरतीचं असेल,” मी पुटपुटलो. निम्मं स्वतःशीच.

दत्ताराम हसला. त्याचं आयुष्य होडीत गेलेलं. “काका, भरती मघाशीच उतराक लागली. सुकतीच्या वेळार बांय खंय भरता?”

खाडीत खरोखरच ओहोटी होती, आणि विहीर मात्र भरत होती. दत्तारामला भरती समजावणारा मी कोण?

पण त्याची लेक गौरवी काविळीनं पिवळी पडली होती. महाराजांनी तिला विहिरीचं तीर्थ सुरू केलं होतं आणि इस्पितळाला मनाई. औषधानं म्हणे माता रुसते. पोर आता उठूनही बसत नव्हती.

शेवटी शाळेच्या अंकिताबाईंनी महाराजांना ऐन मुहूर्तापूर्वी घरी जेवायला बोलावलं. सोलकढी, तळलेली मुडदुशी, सगळा थाट. त्यांना बोलण्यात गुंतवायचं काम माझ्याकडे आलं. मला बोलता कुठं येतं? मी आपला बेटाचा इतिहास काढला: बुरूज कोणी बांधला, कपेलाची, म्हणजे छोट्या चर्चची, घंटा कुठून आली, जुना दीपस्तंभ का विझला. पोर्तुगीज अजून बेटावर उतरायचे होते, तोच महाराज घोरू लागले.

तिकडे बाई विहिरीवर गेल्या. आत त्यांनी चुन्याची रेघ ओढून ठेवली होती. गर्दीच्या डोळ्यांदेखत पाणी चढलं, रेघ बुडाली. महाराजांवाचून.

“दत्तारामदादा,” बाई म्हणाल्या, “खाडीचं पाणी होडीपाशी लगेच येतं. विहिरीत यायला त्याला चिऱ्याच्या खडकातून झिरपावं लागतं, म्हणून तिथली भरती उशिरा. चमत्कार सुरू करण्याआधी आठवडाभर महाराज किल्ल्यात राहिले, ते हेच बघत. आणि त्यांचा मुहूर्त रोज पुढं सरकतो तो किती, ते तुम्हीच सांगा.”

दत्तारामनं बोटांवर दिवस मोजले. “भरती सरकता तितकोच,” तो म्हणाला. मग लेकीला आणायला वळला. “फेरीबोट थांबवून धरात. चेडवाक घेवन येतंय.”

त्याच फेरीबोटीत, दुसऱ्या टोकाला, झोपमोड झालेले महाराजही होते. गौरवी आता इस्पितळात आहे, कालपासून पेज मागते आहे.

विहिरीला हात जोडायचे तर जोडा. पण पाणी का चढलं, तेही विचारा. आणि आजारी लेकराला डॉक्टरकडे नेताना कुणाच्या मुहूर्तासाठी थांबू नका.