दहावर धरलेली पट्टी

शनिवारी सकाळी सात वाजता होडीच्या शेडमधल्या लांब बाकावर एवढ्या वस्तू होत्या: एक गिटार, अजून तारा न चढवलेली, सहा तारा, सहा कागदी पाकिटांत, दोन पेचकस, एक व्हर्नियर, सूर मोजायचं, तळहातावर मावेल एवढं यंत्र, पावाचा एक तुकडा, त्यावर तपकिरी चीज, कडा वाळलेल्या, आणि एक वही, तिची सत्त्याण्णव पानं भरलेली. एल्ड्रिडने हे सगळं दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला घेतलं तेव्हा तिने स्वतःलाच थांबवलं आणि पहिलं पाकीट फाडलं.

फ्योर्डच्या पलीकडच्या गावात, शाळेच्या व्यायामशाळेत, दुपारी दोन वाजता तपासणीचं टेबल बंद होणार होतं. घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक गिटारींची स्पर्धा तिथे दर जूनमध्ये भरते. खुंट्या, तारा, पडद्यांची धातूची पट्टी आणि विजेचे सुटे भाग विकत आणायला परवानगी असते. बाकी सगळं आपल्या हातचं. गिटार आणली की आधी तपासणी. प्रत्येक तार मोकळी वाजवायची, मग बाराव्या पडद्यावर दाबून वाजवायची. दुसरा सूर पहिल्याच्या बरोबर दुप्पट यायला हवा. लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. एका जरी तारेत पाच सेंटपेक्षा जास्त चूक निघाली, की गिटार पेटीत परत. ती मग कुणी वाजवत नाही.

गेल्या वर्षी एल्ड्रिडची चूक चौदा निघाली होती. पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेली मुलगी मोजण्यात नापास झाली, ही बातमी तिच्या आधी फेरीबोटीने घरी पोचली. तेव्हापासून दुकानातला माणूस तिला सरळ ‘चौदा’ म्हणायचा. दूध संपलंय गं चौदा, उद्या ये. ती हसायची, आणि घरी येऊन वहीत आणखी एक पान भरायची. ऑगस्टपासून ती ट्रॉनहाइमच्या मापनशाळेत रुजू होणार होती. तिथे गेल्यावर लाकडाला हात लागणार नव्हता हे तिला ठाऊक होतं. म्हणजे ही गिटार शेवटची. ती टेबलावरून पुढे जावी आणि घराबाहेरच्या कुणीतरी एकदा ती वाजवावी, एवढंच तिला हवं होतं. बक्षीस कुणालाही मिळो.

पहिली तार चढवली, ताणली, यंत्र लावलं. मोकळी तार: बरोबर. बारावा पडदा: अधिक एकतीस.

यंत्राची बॅटरी उतरली असेल म्हणून तिने ती बदलली. अधिक एकतीस. दुसरी तार चढवली. अधिक तीस. सहाही तारा होईपर्यंत ती उभीच होती, आणि दोन तारांच्या मधे शेडच्या दारापर्यंत जाऊन परत येत होती. अकरा पावलं जायला, अकरा यायला. एक तार चुकली असती तर दोष तारेचा. सहाही सारख्याच चुकत होत्या, तेव्हा दोष बनवणारीचा होता.

तारा जिथे टेकतात ती पितळी घोडी तिने स्वतः कानस मारून घडवली होती. प्रत्येक तारेखाली एक सरकता ठोकळा, मागच्या स्क्रूने पुढेमागे होणारा. तिने सगळे ठोकळे शेवटापर्यंत मागे घेतले. एकतीसचे वीस झाले. त्यापुढे स्क्रू संपला.

तिने ठोकळे पुन्हा होते तिथे आणले आणि कपाटातून शिवणाचा दोरा काढला. दांडीच्या टोकाच्या हाडाच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत दोरा ताणला, तिथे गाठ मारली. तोच दोरा पडद्यापासून घोडीपर्यंत धरला. दोन्ही अंतरं सारखी असायला हवी होती. दोरा घोडीच्या पुढे उरला. उरलेला तुकडा तिने व्हर्नियरने मोजला. दहा मिलिमीटर. साडेनऊ नाही, अकरा नाही, दहा. लाकूड फुगतं, आकसतं, वाकतं, पण ते अशी गोल संख्या कधी देत नाही. अशी संख्या माणसाकडून येते.

तेवढ्यात स्युरमामा कॉफीचा थर्मास घेऊन आत आला. शेड त्याची होती. पन्नास वर्षं त्याने तिथे होड्या बांधल्या. शेवटची गेल्या शरदात पाण्यात गेली, आणि तेव्हापासून त्याचे हात काम शोधत हिंडत होते. कधी तो धारदार पटाशीलाच पुन्हा धार लावायचा, कधी खिळे आकाराप्रमाणे वेगळे करायचा. गिटारीचं धडसुद्धा त्याच्याच एका जुन्या होडीतल्या बसायच्या फळीचं होतं, पाइनचं. पण ती फळी दिल्यावर त्याने लाकडाला बोट लावलं नव्हतं. नियम त्याने एल्ड्रिडपेक्षा जास्त वेळा वाचले होते.

“मामा, मे महिन्यात घोडीची खूण करताना तू पट्टीचं टोक धरलं होतंस,” ती म्हणाली.

“धरलं होतं.”

“पट्टीवर कुठे धरलं होतंस?”

त्याने भिंतीकडे पाहिलं. तिथे मीटरभर लांबीची पोलादी पट्टी टांगलेली होती. एल्ड्रिडच्या जन्माआधी कधीतरी ती खाऱ्या पाण्यात पडली होती, आणि तिचा पहिला सेंटिमीटर गंजाने खाल्ला होता.

“दहावर,” तो म्हणाला. “दुसरीकडे कुठे धरणार?”

शेडमध्ये ही पट्टी सगळेच दहावर धरायचे आणि दुसऱ्या टोकाला वाचणारा दहा वाढवून खूण करायचा. ते कुणी बोलून दाखवत नसे. घोडीचं अंतर सहाशे अठ्ठेचाळीस मिलिमीटर हवं होतं, म्हणून तिने सहाशे अठ्ठेचाळीसवरच खूण केली होती. करायला हवी होती सहाशे अठ्ठावन्नवर. बाकी सगळी मापं तिने व्हर्नियरने घेतली होती, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. हे एकच अंतर व्हर्नियरच्या तोंडात मावत नव्हतं.

“सांगायचंस ना मला, दहा वाढव म्हणून.”

“पन्नास वर्षांत कुणाला सांगावं लागलं नाही. आठ वर्षांची होतीस तेव्हा तुलाही येत होतं.” त्याने थर्मासचं झाकण घट्ट केलं, सैल केलं, पुन्हा घट्ट केलं. “पाच वर्षं विद्यापीठात मोजायलाच शिकवत होते ना?”

“शून्यापासून,” ती म्हणाली.

तो गिटारीजवळ आला, वाकून घोडीकडे पाहिलं, आणि त्याचा उजवा हात सवयीने ड्रिलकडे गेला. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात मागे घेतला, स्टूल ओढलं, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. मग त्याने विचारलं की फेरी किती वाजता आहे. बारा वीस, ती म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

तिने तारा उतरवल्या. घोडी चार स्क्रूंनी बसवलेली होती, चार कोपऱ्यांना चार. ती दहा मिलिमीटर मागे घेतली तर मागची दोन जुनी भोकं पितळेखाली झाकली जाणार होती, पण पुढची दोन उघडी पडणार होती, दिव्याखाली, पॉलिशच्या मधोमध. एल्ड्रिडला वाटलं, राहू देत उघडी; टेबलावर सूर मोजतात, भोकं मोजत नाहीत. मामाने नाक मुरडलं. भोक असलेली होडी त्याने कधी कुणाला दिली नव्हती, असं तो म्हणाला, आणि बूच कसं बसवायचं ते सांगायला लागला.

त्याच फळीचा उरलेला तुकडा तिच्या खोक्यात होता. त्यातून तिने सहा मिलिमीटर जाडीची दोन बुचं काढली. जुनी भोकं तेवढीच मोठी केली. बुचाला सरस लावून ते आत ठोकण्याआधी मामा म्हणाला, “फिरव. बुचाच्या रेषा फळीच्या रेषांना मिळू दे. नाही तर डोळा लगेच तिथे जातो.” तिने फिरवलं. दुसरं बूच दोनदा काढून पुन्हा बसवलं. सरस वाळायला तास लागणार होता. त्या तासात तिने दोऱ्याने नवी खूण केली, चार नवी भोकं पाडली, वाळलेला पाव खाल्ला आणि धक्क्यापर्यंत चार फेऱ्या मारल्या. वारा नैऋत्येचा होता, पाणी करडं. प्रत्येक फेरीनंतर आत येऊन ती बुचाला नखाने टोचून बघायची, आणि मामा म्हणायचा की टोचून सरस लवकर वाळत असता तर त्याने शंभर होड्या जास्त बांधल्या असत्या.

दहाला तिने पटाशी हातात घेतली. वर उरलेलं बूच ती थेट तळाशी, फळीलगत कापायला गेली.

“थांब. आधी अर्ध्या उंचीवर काप,” मामा म्हणाला. “रेषा कुठे जाते ते बघ. खाली घुसत असली तर पलीकडून ये.”

तिने अर्ध्यावर कापलं. रेषा खाली घुसत होती. तळाशी कापलं असतं तर बूच पृष्ठभागाच्या आत खोलवर तुटलं असतं. ती पलीकडून आली. पातळ चकत्या निघाल्या आणि बाकावरून वाऱ्याने उडाल्या. मामा आता मांड्यांखालचे हात विसरून पुढे वाकला होता, पण लाकडापासून वीतभर दूर.

पॉलिशचा हात, घोडी, चार स्क्रू, सहा तारा. पावणेबारा वाजले. नव्या तारा ताणल्या की उतरत राहतात, त्यामुळे प्रत्येक तार तीन-तीनदा सुरात आणावी लागत होती. तिने चार तारांचे ठोकळे यंत्रावर बघून बसवले. उरलेल्या दोन, जाड तारांचं वाचन तिने वहीत लिहिलं, पाचवी अधिक सहा, सहावी अधिक आठ, आणि त्याच क्षणी फेरीने पहिला भोंगा दिला. तिने गिटार पेटीत घातली आणि पळाली. मामा मागून रिकाम्या हातांनी पळत आला. पेटीलासुद्धा हात लावणार नाही, असं त्याने धापा टाकतच सांगितलं.

फेरीवर तिने पेटी मांडीवर उघडली. पण इंजिनामुळे सगळी बोट थरथरत होती, बाक, खिडक्या, कॉफीचे कप, आणि यंत्राचा काटा कुठल्याच आकड्यावर थांबत नव्हता. उतरल्यावर शाळेपर्यंत पंचवीस मिनिटं चढ, आणि दारात रांग. तिने वही काढली. सकाळी ठोकळे चार मिलिमीटर मागे गेले तेव्हा अकरा सेंट कमी झाले होते. म्हणजे एका मिलिमीटरला पावणेतीन. ठोकळ्याचा स्क्रू एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकतो. पाचव्या तारेला चार फेरे आणि एक तृतीयांश. सहाव्या तारेला पावणेसहापेक्षा किंचित जास्त. तिने तारा सैल केल्या, फेरे मोजत स्क्रू फिरवले, तारा पुन्हा ताणल्या. खरं झालं की नाही ते बघायला तिच्याकडे काहीच नव्हतं. ती व्हर्नियर उघडत आणि मिटत राहिली, शेवटी शेजारची बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली.

स्पर्धेचा अर्ज तिने तिथेच भरला. शेवटचा प्रश्न होता: बनवताना कुणाचा हात लागला का? ती बराच वेळ पेन हलवत राहिली. मामाने वाचलं. हे लिहिलं तर गिटार परत पाठवतील का, असं तिने विचारलं. पाठवतील किंवा नाही पाठवणार, तो म्हणाला.

“मग लिहू?”

“लिहायचं तर पूर्ण लिही. नुसतं ‘पट्टी धरली’ लिहिलंस तर वाटेल मी चुकीची धरली. दहावर धरली, असं लिही.”

तिने तसंच लिहिलं.

व्यायामशाळेत वॉफलचा वास होता. भिंतीला टेकवून एकोणतीस गिटारी उभ्या होत्या. टेबलामागे रानवाइग मो बसली होती. बर्गनमध्ये तिचं गिटारींचं वर्कशॉप होतं आणि गेल्या वर्षीही तिनेच मोजलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून छत्तीस मिनिटं झाली होती. तिने अर्ज वाचला, शेवटच्या ओळीवर थांबली, आणि चष्म्यावरून आधी एल्ड्रिडकडे, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.

“यांनी लाकडाला हात लावला का?”

“नाही. पट्टीला लावला.”

“आणि ही दहाची काय भानगड आहे?”

एल्ड्रिडने सांगितलं: गंजलेला सेंटिमीटर, मे महिन्यातली खूण, सकाळचा दोरा. सांगताना ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. रानवाइगने गिटार उजेडात तिरकी धरली, घोडीच्या पुढे अंगठा फिरवला, परत फिरवला, आणि विचारलं की जुनी भोकं कुठे आहेत. एल्ड्रिडने बोट ठेवून दाखवली. रानवाइगने नखाने कड शोधली. मामाने खिशातले हात बाहेर काढले आणि परत आत घातले.

“पट्टी काही स्पर्धेत नाही,” रानवाइग म्हणाली. तिने अर्जावर सही केली, गिटारीत वायर खोचली, वायरचं दुसरं टोक मापकाला जोडलं. सहाही तारा मोकळ्या वाजवून सुरात आणल्या. मग बाराव्या पडद्यावर बोट ठेवून एकेक तार छेडली आणि प्रत्येक आकडा स्वतःशी पुटपुटत तक्त्यात लिहिला.

पहिली तार: अधिक एक. दुसरी: शून्य. तिसरी: अधिक दोन. चौथी: शून्य. पाचवी: उणे एक. सहावी: अधिक दोन. एकही चूक पाचाच्या वर नव्हती, म्हणजे ही गिटार आता कुणीतरी वाजवणार होतं.