तेलाची शीग

हाफिज मिस्त्री पाठीवर सरकत पिकअपखाली गेला आणि त्याचे फक्त पाय बाहेर राहिले. देवाजी त्या पायांकडे पाहत उभा होता.

सावली गावच्या फॉरेस्ट डेपोत साऱ्यांना ठाऊक होतं, आज निकाल आहे. लढाईतून उरलेली, चारही चाकांनी चिखल कापणारी ही गाडी लिलावातून खात्याकडे आली, तेव्हापासून बैलबंडी हाकणारा देवाजी ती चालवायला शिकत होता. मागच्या आसावरच्या लोखंडी गोळ्यातलं जुनं काळं तेल त्यानं काल सकाळी पहिल्यांदाच एकट्यानं बदललं होतं. चांद्याहून आलेला हाफिज बरं म्हणाला तर नोकरी पक्की. नाहीतर नागपूरचा माणूस येणार होता.

"सोन्यावानी तेल होतं, हाफिजभाई," देवाजी वाकून म्हणाला. त्याला राहवलं नाही. "पुरा डबा गेला. एक थेंब सांडू नाई देलो."

"पुरा?" खालून आवाज आला. "माझा तर कधी पुरा जात नाई, भाऊ."

"गाडीचं तोंड नालीत उतरवलो, मागचं बूड वर झालं. मंग बसलं सारं."

खाली पान्याचा आवाज थांबला.

देवाजीच्या घरून पायलीवर शीग चढवल्याशिवाय कुणाला धान जात नसे. सपाट माप देणं म्हणजे दारच्याला हाकलणं. काल गोळा भरून छिद्रातून तेल परत येऊ लागलं, तेव्हा तिथंच थांबायची त्याला गाडीपुढे लाज वाटली होती. सरकारी झाली म्हणून काय तिला सपाट मापानं द्यायचं?

त्या छिद्राचं बूच सुटलं आणि तेलाची धार हाफिजच्या बाहीवर आली. धार आपोआप थांबली, तसा बूच लावून तो बाहेर आला. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूनं बोट फिरवून त्यानं ते देवाजीपुढे धरलं. बोट ओलं होतं, सोनेरी.

"जास्तीचं तेल आसातून इथी येते," तो हळू म्हणाला. "ब्रेकमंदी."

देवाजीला नदीचा उतार आठवला. काल तो वच्छलेला शेजारी बसवून तिथवर जाऊन आला होता. बायको दोन्ही हातांनी दार धरून बसली होती आणि तो हसत होता.

रेंजर गुणवंतराव टोपी चढवत आले.

"काय मिस्त्री, काम बरोबर आहे ना?"

हाफिज रुमालानं बाही पुसू लागला. गरजेपेक्षा जास्त वेळ पुसत राहिला. हा आपल्यासाठी शब्द शोधतो आहे, हे देवाजीला कळलं.

"नाई, साहेब," देवाजीच म्हणाला. "मी चुकलो. शीग लावून भरलो. ब्रेक भिजला."

"बैलाले सरकीची ढेप चारली का रे!" ओंडक्यांमागून कुणीतरी म्हणालं, आणि मजूर हसले.

गुणवंतरावांनी घड्याळ पाहिलं.

"घाटावर नाव थांबली आहे. हळूहळू गेलो तर जमेल ना, मिस्त्री?"

"मले काऊन विचारता, साहेब?" हाफिज म्हणाला. "ड्रायव्हरले विचारा."

गुणवंतराव वळले. देवाजीचे कान तापले होते, पण मान ताठ होती.

"नाई जमत, साहेब. चाक खोलून पेट्रोलनं धुतो. दोन घंटे लागन."

रेंजरसाहेबांनी टोपी काढली आणि ते सागाच्या एका ओंडक्यावर बसले.