ठसा

ट्रॅक्टर धडधडत सुरू झाला आणि अंगणाच्या टोकाला पोचायच्या आतच थांबला. ड्रायव्हरनंच थांबवला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून तो सीटवरून अर्धवट उठून उभा होता. दात ओठात रुतलेले, आणि कपाळावर घाम असा, की बघणाऱ्याला वाटावं शेत नांगरूनच परत आलाय.

बायको भांडी टाकून ओल्या हातानं बाहेर आली. "उतरा," म्हणाली. "डॉक्टरनं दोन महिने सांगितलेत. तुमचा अजून एक पण झाला नाही."

"जमीन डॉक्टरला विचारून वाळत नाही."

"आणि जखम तुम्हाला विचारून भरत नाही. उतरा म्हणते ना."

तो उतरला. उतरतानाही आधी एक पाय, मग कमरेत वाकून दुसरा, म्हाताऱ्या बैलासारखा. मागं नांगर तसाच लटकत राहिला.

खरं तर घाई रास्त होती. पाऊस थांबून जमिनीला वाफसा आला होता. ढेकूळ मुठीत धरलं तर चिकटत नाही आणि आपटलं तर दगडासारखं वाजत नाही, असे हे मोजके दिवस. वारा एकदा कोरडा सुटला की काळी माती लोखंड होते आणि फाळ वरच्यावर घसरतो. गावातली निम्मी नांगरट दरवर्षी याच ट्रॅक्टरची. यंदा खालच्या गावचा एक नवा ट्रॅक्टर येऊन बांधाबांधावर चौकशी करून गेला होता.

ड्रायव्हरचं दुखणं सांगायला साधं होतं, पण सांगायचं कोणाला? शौचाच्या जागी चीर पडली होती. दिवसदिवस पाणी न पिता तापलेल्या सीटवर हादरे खायचे, त्याचं हे फळ. वर्षभर त्यानं अंगावर काढलं. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. याला जावई नव्हता, तरी तोंड उघडवत नव्हतं. शेवटी रक्त थांबेना, तेव्हा शहरात जाऊन ऑपरेशन करून आला. त्याला वाटलं, सुटलो. पण ऑपरेशन म्हणजे नुसतं दार होतं, घर पुढंच होतं.

सकाळी संडासला जायचं म्हणजे फाशीला जायचं. आत गेला की बादलीचा कान धरून बसायचा आणि फुटक्या काचा बाहेर पडाव्यात तसा विव्हळायचा. पुढं दुपारपर्यंत तिथं निखारा ठेवल्यासारखी आग. मग कोमट पाण्याच्या टबात बसायचं, मलम लावायचं, पालथं पडायचं. इसबगोल प्यायचं आणि उद्याच्या सकाळची भीती वाटली की दोन घास कमीच खायचे. शिंक आली तर नाक दाबायचं, खोकला आला तर उशी चावायची. हसायचं तर नावच नको.

आणि हसवणं हाच तर आजवर त्याचा धंदा होता.

या गावात कोणालाच आईबापानं ठेवलेल्या नावानं हाक मारत नसत. सगळी नावं ड्रायव्हरनं ठेवलेली. पाठीत वाकलेला शिंपी म्हणजे 'स्वल्पविराम'. बोलताना अडखळणारा दुकानदार म्हणजे 'थांबा'. चक्कीवाला तेवढा सुटला होता, कारण तो ड्रायव्हरच्या प्रत्येक विनोदावर सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. सुताराचा हात करवतीत गेला तेव्हा दोन बोटं पूर्ण आणि एक अर्धं गेलं. ड्रायव्हरनंच त्याला ट्रॅक्टरवर घालून, शेतं तुडवत, जवळच्या वाटेनं दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर हात गेला असता. आणि परत येताना, पट्टीतून रक्त पाझरत असतानाच, ड्रायव्हरनं हिशेब केला, "म्हणजे आता तू साडेसात." तेव्हापासून सुतार साडेसात. त्याच्या पोरीला बघायला पाहुणे आले तेव्हाही लोकांनी त्यांना पत्ता सांगितला, "साडेसातकडं ना? सरळ जा." पाहुण्यांनी वाटेतच विचारलं, घरात काही दोष आहे का. आणि तसेच परत गेले.

ऑपरेशन पोटाचं म्हणून ड्रायव्हरनं सांगितलं होतं. पण इसबगोलाचे डबे आणि बसता येईल एवढा टब त्याच्या बायकोनं थांबाच्या दुकानातूनच नेला. दोन दिवसांत गावाला कळलं पोट कुठं असतं ते.

लोक भेटीला यायला लागले. यायचे, खुर्ची ओढायचे आणि म्हणायचे, "बसा ना ड्रायव्हर, उभे का?"

चक्कीवाला तर रोज यायचा. "टाके किती?" विचारायचा. "मागून दिसतात का?" आणि उत्तराआधीच मांडी थोपटून हसायचा. ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा राहायचा आणि मनात म्हणायचा, हसेल त्याचे दात दिसतील. पण शिवशिवत होती ती त्याची स्वतःचीच जीभ. एवढी वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या जखमेवर बोट ठेवलं होतं. आता त्याला कळत होतं की लोक येतात ते नाव शोधायला. अजून त्यांना ते सापडलेलं नव्हतं, एवढंच.

सीटवरून उतरला त्या दिवशी दुपारी तो सुताराच्या शेडवर गेला. दवाखान्यात रबरी कडं मिळालं होतं, पण ट्रॅक्टरवर ते चेंडूसारखं उडायचं. जाड फळी हवी होती, मधे कोरलेली, वर गादी शिवलेली, म्हणजे भार मांड्यांवर येईल आणि जखम अधांतरी राहील.

शेडमध्ये दुपारची बैठक भरलेली होती. शिंपी होता, थांबा होता, चक्कीवालाही दाराशी उभा होता. ड्रायव्हर सुताराच्या कानाशी वाकला आणि हळू बोलला, "सुतारदादा, एक काम होतं."

"आज दादा झालो का?" सुतार रंधा न थांबवता म्हणाला.

ड्रायव्हरनं काम सांगितलं. सुतारानं ते नीट ऐकून घेतलं, एकदोन प्रश्नही विचारले: दुखतं नेमकं कुठं, बसताना का उठताना. मग रंधा खाली ठेवला.

"तू त्या दिवशी शेतातून ट्रॅक्टर घातलास म्हणून माझा हात राहिला. ते मी विसरलो नाही. फळी करून देतो, चांगल्या लाकडाची. पैसा घेणार नाही."

"उपकार झाले."

"थांब. परत येताना जे बोललास तेही विसरलो नाही. म्हणून माप इथंच घेणार. आत्ता. यांच्यासमोर."

शेडमध्ये कोणी हललं नाही. सुतारानं पाटावर चिखल ओतला, फळीनं सारखा केला आणि पाट मधोमध ठेवला. "बस यावर. ठसा उमटला की भोक कुठं पाडायचं ते कळेल."

ड्रायव्हरनं दाराकडं बघितलं. बाहेर ऊन होतं, पलीकडं शेतं होती, त्यांच्यावरचा ओलावा तासातासाला उडत होता. खालच्या गावच्या ट्रॅक्टरचा आवाज लांबून येत होता, की नुसताच भास होता, कोण जाणे. त्यानं पायजमा सावरला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाली खाली जायला लागला.

चिखल गार होता. क्षणभर बरं वाटलं. मग भार पडला आणि आतून सुरी फिरवल्यासारखी कळ थेट मणक्यातून वर गेली. तोंडातून आवाज निघू नये म्हणून त्यानं जीभ चावली.

"हलू नकोस," सुतार म्हणाला. "हललास तर परत बसावं लागेल."

तो हलला नाही. डोळ्यांतून पाणी आपसूक वाहत होतं. सुतार चिखलावर वाकून, साडेसात बोटांनी हळूहळू कडा दाबत होता. काम तो मनापासून करत होता, हे ड्रायव्हरला त्याही स्थितीत दिसत होतं, आणि त्याचाच त्याला जास्त राग येत होता.

उठला तेव्हा पायजम्याला चिखल लागला होता, आणि चिखलाच्या मधोमध तांबडा डाग. शिंप्यानं मान फिरवली. सुताराचाही हात थांबला. एवढ्यावर सगळं मिटलंही असतं.

पण चक्कीवाला हसला. "वा, काय ठसा आहे," म्हणाला. "आता कागदावर अंगठा लावायची गरज नाही ड्रायव्हरला. नुसता बसला की काम झालं."

मग सगळेच हसले. आणि थांबा, ज्याच्या तोंडून कधी एक शब्द धड बाहेर पडला नव्हता, तो स्वच्छ बोलला, "ठसा." एकदाही न अडखळता.

त्यालाही त्याचं नवल वाटलं असावं, कारण त्यानं परत म्हणून बघितलं. तोवर नाव गावात पोचलंही होतं.

फळी मात्र उत्तम झाली. दोन दिवसांनी ड्रायव्हर तिच्यावर बसला आणि ट्रॅक्टर अंगणाच्या पार गेला. दुखत होतंच. प्रत्येक ढेकळाला कळ यायची, वळणावर तर तो उभाच राहायचा. पण नांगर जमिनीत घुसला, काळी माती लाटेसारखी उलटली, आणि मागं बगळे उतरले. बांधावरून कोणी "ठसा, आमच्याकडं कधी?" म्हणून हाक मारली की तो हात वर करायचा. अपमान गिळला तरी काम आपलंच राहिलं, असं तो स्वतःला सांगायचा. संध्याकाळी घरी आला की बायको न बोलता टबात पाणी ओतायची.

अशाच एका संध्याकाळी चक्कीवाला आला. आज तो हसत नव्हता. बायको आत गेल्यावर तो दाराला टेकला.

"एक विचारायचं होतं," म्हणाला. "माझा एक मेहुणा आहे. त्याला तुझ्यासारखंच आहे. रक्त पडतं."

"किती दिवस?"

"दोन वर्षं. ऑपरेशनला भितो. फार दुखतं का रे?"

ड्रायव्हरनं त्याच्याकडं बघितलं. चक्कीवाला पाय फाकवून उभा होता. इतके दिवस तो शेडमध्येही उभाच असायचा, आणि इथं येऊन दुसऱ्याला खुर्ची द्यायचा, ते आता ध्यानात आलं.

तरी ड्रायव्हर नीट बोलला. डॉक्टर कुठला, ऑपरेशनला भूल असते, पुढचे दिवस वाईट, पण दर आठवड्याला थोडं कमी होतं, पाणी भरपूर पी, कुंथायचं नाही. सगळं सांगितलं. चक्कीवाला कान देऊन ऐकत होता. जाताना म्हणाला, "तू चांगला माणूस आहेस. मेहुण्याला सांगतो."

पुढं दोन दिवसांनी ड्रायव्हर डिझेल घेऊन चक्कीवरून चालला होता. दळणाला रांग लागली होती. शिंपी, थांबा, बायाबापड्या, सगळे. चक्कीवाला दारात उभा होता आणि माणसं बघितली की त्याला राहवत नसे.

"काय ठसा," तो ओरडला, "फळी झिजली का नाही अजून?"

रांग हसली. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर उभा केला. पुढं जायचं त्याच्या मनात होतं, पायही क्लचवर होता. पण जीभ शिवशिवली, आणि ती त्याच्या आधी बोलली.

"झिजली नाही. पण तुझा मेहुणा कसा आहे? रक्त थांबलं का त्याचं?"

चक्कीवाल्याचा चेहरा पिठासारखा झाला.

"याला कुठला मेहुणा?" रांगेतली एक म्हातारी म्हणाली. "बायको एकुलती एक. आणि याला बहीण नाही."

शिंप्यानं चक्कीवाल्याच्या पायांकडं बघितलं. मग पायांवरून नजर वर नेली. सगळ्यांनीच नेली. संध्याकाळपर्यंत गावात एक मेहुणा झाला होता.

ड्रायव्हर त्या दिवशी खुशीत नांगरत राहिला. कळ आली तरी ती त्याला गोड लागली. घरी येऊन तो टबात बसला आणि स्वतःशीच हसला. हसताना दुखलं, तरी हसला.

बायको तांब्यानं गरम पाणी ओतत होती. "चक्कीवाल्याच्या बायकोकडून आले," ती म्हणाली. "उद्या तो दवाखान्यात जाणार होता. पिशवी पण भरून ठेवली होती. तुम्ही समजावलंत म्हणून तयार झाला होता म्हणे."

"मग?"

"आता नाही म्हणतो. मेलो तरी जाणार नाही म्हणतो. बाईनं पिशवी रिकामी केली माझ्यासमोर."

ड्रायव्हरनं टबाची कड धरली.

"पाणी अजून ओतू का?"

"नको," तो म्हणाला. "असू दे."

ती तांब्या ठेवून आत गेली. पाणी गार होत गेलं, आणि तो त्यात बसून राहिला.