काजळीच्या पानावरचे ठिपके

‘निज वो काजळी, ढोली शेनानं सारली
पान्यानं हाक देल्ली, तवा मान वर काढली...’

मित्रांनो, हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. सानगडीच्या रंभाबाई बांबूच्या ढोलीत बी भरताना असं गुणगुणायच्या. मी काजळी, काळसर टरफलाची धानाची एक जुनी जात. दाणा वाळतो, पुन्हा रुजतो, आणि मी तीच राहते. रंभाबाईंनी लेकीच्या, धुरपताच्या, लग्नात माझं पसाभर बी तिच्या ओटीत घातलं. तेव्हापासून लाखांदूरजवळ, तिच्या नवऱ्याच्या, धनीरामच्या शेतात, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यावरच्या एका बांधीत, बांध घातलेल्या तुकड्यात, मी दरवर्षी उगवत आले.

माझ्या आतलं गुपित सांगते. माझ्या पेशीपेशीत एकच पोथी आहे. तिच्या पानांना तुम्ही जनुकं म्हणता. रोगाशी लढायची पानं मी मिटून ठेवते. ती सदा उघडी ठेवली, तर सगळं बळ पहाऱ्यातच जाईल. मग लोंबीत दूध कोण भरणार?

यंदाच्या श्रावणात एका सकाळी बांधीवर धुकं बसलं होतं. वाऱ्यावरून करप्याची बुरशी आली. तिचा कण डोळ्यांना दिसायचा नाही एवढा. तो माझ्या पानावरच्या दवात चिकटला, फुगला आणि आत घुसू लागला. आवाज काहीच नाही. पण आत कुणीतरी परक्याला ओळखलं. पोथीतली मिटलेली पानं सरसर उघडली, आणि त्या कणाभोवतीच्या माझ्याच पेशींना हुकूम गेला, मरा.

त्या मेल्या. एकीमागून एक, मुकाट. बुरशीला खायला जिवंत काही उरलं नाही, आणि तीही तिथंच संपली. बाकीच्या अंगात निरोप फिरत राहिला, जागे राहा, जागे राहा. दोन दिवसांनी माझ्या पानांवर टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके उमटले. माझ्याच अंगावरची ती माझी स्मशानं होती. पण मी जिवंत होते.

धनीरामनं ते ठिपके पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. शेजारच्या बांध्यांत त्याचं नवं बारीक धान युरिया खाऊन गर्द हिरवं उभं होतं. माझा रोग त्या धानाला लागेल, असं धनीरामला वाटलं. रंभाबाई नुकत्याच वारल्या होत्या, धुरपता सानगडीला गेली होती. त्यानं मला मुळासकट उपटलं आणि बोडीच्या काठावर फेकलं. ढोलीत माझा एक दाणाही शिल्लक नव्हता.

धुरपता परतली, तेव्हा बांधी उघडी पडली होती.

“रानडुकरानं खाल्लं,” धनीराम म्हणाला.

“सारं वावर सोडून डुकराले माझ्याच मायचं धान दिसलं काय? तुमचं बारीक धान काहून नाही दिसलं?”

“जुन्या धानाचा वास आवडला असन त्याले.”

ती हसली नाही. “मायनं एवढं एकच देल्लं होतं. मले तेवढंही राखता आलं नाही,” म्हणाली, आणि दोन दिवस जेवली नाही. धनीराम ताटाकडे पाहत राहिला.

मित्रांनो, काठावरच्या चिखलात माझी दोनचार चुडं, रोपांचे झुबके, पुन्हा रुजली. लोंब्या निसवण्याच्या दिवसांत धुकं परत आलं, आणि त्यासोबत करपाही. मी पलीकडे कान लावला. नव्या धानात एवढी रोपं, पण एकातूनही हाक उठली नाही. त्यांच्या पोथीत माझं ते पान नव्हतं. उभ्या उभ्या लोंब्यांच्या माना काळ्या पडत गेल्या. सारं शेत माणसांनी भरलेलं असावं आणि कुणीच श्वास घेऊ नये, तसं ते दिसत होतं.

दिवाळीला लेक डिंपल आली. ती शेतकी कॉलेजात शिकते. मायलेकी बांधावरून येताना धुरपता थबकली.

“अवं डिंपल, हे तं काजळी! येथं कोनं लावली? डुकरं रोवणी कराले लागले काय?”

डिंपलनं माझं पान उजेडात धरलं. “हे ठिपके पाय, आई. हा रोग नोहे. बुरशी जेथं घुसली, तेथंच झाडानं आपल्या पेशी मारून तिले उपाशी ठेवलं.”

“म्हंजे चोर आला तं आपलंच घर जाळलं?”

“एक कोपरा जाळला. घर वाचवलं.”

मागून आलेला धनीराम ऐकत होता. मित्रांनो, कुणाच्या अंगावर डाग दिसला, तर हात घालण्याआधी थोडं थांबा. तो हरल्याचाच असतो असं नाही. माझं एवढंच मागणं आहे.

धुरपता माझ्या लोंब्या पदरात धरून बसली होती. धनीराम तिच्यासमोर उकिडवा बसला.

“डुक्कर आलंच नव्हतं, डिंपलची माय,” तो म्हणाला. “तू तिकडं मायच्या तेरवीले बसली होती, अन् मी इकडं तिचं धान उपटून फेकून राहिलो होतो.”